अर्धमॅरेथॉन चालायची तर आधी तळव्यांकडे बघा

मंडळी, अर्धमॅरेथॉन नुसती चालून पुरी होते का, असं विचारत तुमच्यापैकी बरेच जण आलात. होते. अंतर २१.०९७५ किलोमीटर. किलोमीटरला १२ मिनिटं धरली तर सव्वाचार तास लागतात. आयोजकांची वेळमर्यादा तेवढी आधी बघा, मगच नाव नोंदवा.

एक हिशेब सांगते. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर ३० हजार पावलं होतात. म्हणजे प्रत्येक तळवा १५ हजार वेळा टेकणार. धावणाऱ्याला दम लागतो; चालणाऱ्याचे आधी तळवे बोलायला लागतात. त्यामुळे सराव त्यांचा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

हे मला वारीनं शिकवलं. तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामी असते, तेव्हा मी वारकऱ्यांचे पाय चेपायला जाते. एका वर्षी एका आजींचा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा, पण कातडी कशी चिवट, आणि फोड एकही नाही. म्हटलं, "आजी, पायाला काय लावता?" म्हणाल्या, "काय नाय गं बाई, रोज रानात जाते."

त्याच वर्षी मी नवे कोरे बूट घालून सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याकडे निघाले होते. नवव्या किलोमीटरला करंगळीपाशी चुरचुरायला लागलं. तिथंच थांबायला हवं होतं, थांबले नाही. घरी मोजा काढला तर रुपयाएवढा फोड. दहा दिवस सराव बंद. तेव्हा चुरचुरलं की लगेच बसा, मोजा काढा, वाळू झटका, चिकटपट्टी लावा. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. मोजे सुती नकोत, घामानं ओले राहतात आणि कातडी सोलतात.

वेळापत्रक सोपं आहे. आठवड्यातून चार दिवस अर्धा-पाऊण तास आणि रविवारी लांबचं चालणं. सुरुवात ५ किलोमीटरनं, दर आठवड्याला एक वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला अंतर उतरवायचं. १५ आठवड्यांत १६ पर्यंत पोचाल, तेवढं पुरे. त्यानंतर शर्यतीआधीचे शेवटचे दोन आठवडे कमीच चाला. तळजाई टेकडीवरच्या मातीच्या वाटा नडगीला सुखाच्या, पण शर्यत डांबरावर असते, म्हणून रविवार डांबरावरच.

हात कोपरात वाकवून हलवा, नाहीतर बोटं सुजतात. लांब ढांगा टाकू नका, पावलं छोटी आणि भरभर. पाणी तहानेप्रमाणे, सोबत लिंबू-मीठ-साखर. साधं पाणीच ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते धोक्याचं आहे.

शर्यतीच्या दिवशी अंगावर नवं काही नको, नाडीसुद्धा.

आता सगळ्यांनी बूट-मोजे काढा बघू. मी रांगेनं येते. कुणाच्या बोटांना बूट दाबतोय, कुणाची टाच घासतेय, ते आजच बघून घेऊ.