एका तारेवरची अनेक घरे
(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आपल्या घरात इंटरनेट कुठून येते असे विचारले, तर बहुतेक जण खिडकीतून आत आलेल्या तारेकडे बोट दाखवतील. ती तार आपली असली, तरी ती ज्या मुख्य केबलला जोडलेली असते ती आपल्या एकट्याची नसते. बागेत पाटाचे पाणी एका आळ्यात वळवले की ते शेजारच्या आळ्यात जात नाही. हेडएंडकडून, म्हणजे सेवादात्याच्या मुख्य केंद्राकडून, कोॲक्सियल केबलवर (टीव्हीच्या केबलसारख्या तांब्याच्या गोल तारेवर) निघालेला संदेश मात्र असा वळवता येत नाही. तो त्या फाट्यावरच्या प्रत्येक घरात पोचतो आणि प्रत्येक मोडेम त्यातला आपल्यापुरता भाग उचलतो. सुरक्षेचा सारा विचार येथून सुरू होतो, कारण संदेश उघडा असेल, तर शेजाऱ्याचा व्यवहार न्याहाळायला एक फेरफार केलेला मोडेम पुरतो.

या व्यवहाराचे नियम डॉक्सिस नावाच्या मानकात आहेत. अमेरिकेतील केबललॅब्स या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात संदेश कूटबद्ध करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करण्याची, सोय होती. पण मोडेमची ओळख मुख्यतः त्याच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे यंत्राला दिलेल्या ओळख-क्रमांकावर, अवलंबून होती, आणि मॅक पत्त्याची नक्कल करता येते. पुढे १.१ या आवृत्तीने प्रत्येक मोडेममध्ये कारखान्यातच डिजिटल प्रमाणपत्र, म्हणजे मोडेमचे ओळखपत्र, आणि त्याच्या जोडीची खासगी किल्ली, म्हणजे मोडेममध्येच राहणारा गुप्त आकडा, बसवण्याची व्यवस्था आणली. केबल इंटरनेटच्या सुरक्षेतला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे, असे मी मानतो.

पावसाळ्यात वीज जाऊन परत येते, तेव्हा मोडेमचे दिवे काही वेळ लुकलुकत राहतात. तेवढ्यात मोडेम आधी हेडएंडकडून येणारी वाहिनी शोधतो, आपल्या सिग्नलची वेळ आणि ताकद जुळवतो, आयपी पत्ता मिळवतो, आणि वेग व इतर अटी लिहिलेली फाइल सेवादात्याकडून उतरवून नोंदणी करतो. त्या फाइलवर सेवादात्याच्या गुप्त शब्दावरून काढलेली खूण असते, म्हणून ग्राहकाने वेगाचा आकडा परस्पर वाढवला तर ती खूण जुळत नाही. ओळख पटवण्यासाठी मोडेम आपले प्रमाणपत्र पाठवतो. हेडएंडमधले सीएमटीएस हे यंत्र त्यावरची सही विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत तपासते, आणि मग एक अधिकार-किल्ली त्या मोडेमच्या सार्वजनिक किल्लीने, म्हणजे प्रमाणपत्रातल्या उघड किल्लीने, बंद करून पाठवते. ती उघडण्याचे सामर्थ्य फक्त आतल्या खासगी किल्लीत असते, त्यामुळे केवळ मॅक पत्ता चोरलेला मोडेम येथे अडतो. खासगी किल्लीच चोरीला गेली तर मात्र हा बांध फुटतो, म्हणून ती मोडेममधून बाहेर काढता येऊ नये, ही निर्मात्याची मोठी जबाबदारी ठरते.

या अधिकार-किल्लीच्या आधारे प्रत्यक्ष संदेशांसाठी वेगळ्या किल्ल्या मिळतात. मानकातल्या नेहमीच्या मूल्यांनुसार अधिकार-किल्ली ७ दिवस, तर संदेशाची किल्ली १२ तास चालते. जुनी संपण्याआधीच नवी दिली जाते आणि काही काळ दोन्ही चालतात, त्यामुळे चालू संभाषण तुटत नाही. कुलूप, म्हणजे कूटबद्ध करण्याची पद्धत, मात्र काळानुसार बदलावे लागले. सुरुवातीच्या ५६ बिटांच्या डीईएस पद्धतीची किल्ली १९९८ मध्ये खास बांधलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधून काढली होती. २००६ च्या डॉक्सिस ३.० मध्ये १२८ बिटांच्या किल्लीची अधिक मजबूत एईएस पद्धत आली.

एक उणीव तरीही पुष्कळ वर्षे राहिली. मोडेमने स्वतःला सिद्ध करायचे, पण समोरचे हेडएंड खरे आहे का, हे त्याने तपासायचे नाही, असा हा एकतर्फी करार होता. दोन्ही बाजूंनी ओळख पटवण्याची तरतूद डॉक्सिस ४.० मध्ये आली.

आणखी एक मर्यादा प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावी. हे कुलूप मोडेमपासून सीएमटीएसपर्यंतच असते. पुढच्या प्रवासात संदेशाचे रक्षण संकेतस्थळाच्या एचटीटीपीएसने, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या कूटबद्ध जोडणीने, करायचे असते. शिवाय मानकात सोय आहे म्हणून ती आपल्या जोडणीत चालू आहेच, असे गृहीत धरता येत नाही, कारण ती चालू ठेवणे सेवादात्याच्या हाती असते. कोकणात आता पुष्कळ घरांत फायबर आले आहे. त्यातील जीपॉन या एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीतही सेवादात्याकडून खाली येणारा प्रकाश स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश विभागणाऱ्या साधनातून, सर्व घरांत पोचतो आणि त्यासाठीही एईएसची तरतूद आहे. म्हणून जोडणी केबलची असो वा फायबरची, घरापर्यंतचा संदेश कूटबद्ध होतो का आणि कोणत्या पद्धतीने, हे सेवादात्याला लेखी विचारावे.