बगॅस कोणाचा? मॉरिशसच्या विजेचे राजकारण

महाराष्ट्रातले एखादे वीजकेंद्र अचानक बंद पडले, तर राष्ट्रीय ग्रिडमधून छत्तीसगडची किंवा गुजरातची वीज आपल्याकडे येते. ग्राहकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. मॉरिशसला ही सोय नाही. गोव्याच्या जेमतेम निम्मे क्षेत्रफळ आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशाचा सर्वांत जवळचा शेजारी रीयुनियन हा सुमारे दोनशे किलोमीटर समुद्रापलीकडे आहे आणि मध्ये वीजवाहिनी नाही. सुमारे ५०० मेगावॉटची कमाल मागणी बेटावरच, त्याच क्षणी भागवावी लागते. देशात तेल नाही, वायू नाही, कोळसा नाही. नद्या आखूड आहेत आणि शँपेन हे सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र ३० मेगावॉटचे आहे. उरतो तो ऊस.

त्या उसाची मालकी कशी वाटली गेली, हे समजल्याशिवाय तिथले वीजधोरण समजत नाही. गिरण्या आणि मोठे मळे फ्रेंच वंशाच्या काही घराण्यांकडे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तेव्हा या मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या आणि करारावर आणलेल्या भारतीय मजुरांनी व त्यांच्या मुलांनी त्या घेतल्या. बिहारी, तमिळ, तेलुगू कुटुंबांबरोबर आपल्या कोकणातून गेलेलीही त्यांत होती; तिथे गणेश चतुर्थीला आजही सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे ऊस बऱ्याच अंशी छोट्या शेतकऱ्याचा, गिरणी मोठ्या घराण्याची, आणि ग्रामीण मतदारसंघांत मते त्या शेतकऱ्याची. १९६८च्या स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या प्रत्येक पंतप्रधानाला या तिन्हींचा मेळ घालावा लागला.

साखर कारखान्याशी संबंध असलेल्या आपल्यापैकी अनेकांना पुढचे तंत्र सांगायला नको. एक टन ऊस गाळला की सुमारे तीनशे किलो ओला बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे, निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखान्याची गरज भागते आणि बॉयलर उच्च दाबाचा असेल तर वीज विकताही येते. मॉरिशसमध्ये हे फार लवकर सुरू झाले. १९५२ साली सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड हे सरकारी वीज मंडळ स्थापन झाले आणि १९५७ पासून सेंट अँटॉइनच्या गिरणीची वीज त्याच्या जाळ्यात जाऊ लागली. मात्र ती गिरणीला लागून उरलेली वीज होती. ती कधी मिळेल, किती मिळेल, याचा भरवसा नव्हता. सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या भावांनी सरकारला घाम फोडला, तेव्हा या उरलेल्या विजेकडे गांभीर्याने पाहिले गेले.

१९८२च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. ज्यांनी कधी काळी साखर उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाची भाषा केली होती, त्यांपैकी अनेक जण त्या विजयी आघाडीत होते. पण सत्तेवर आल्यावर मार्ग निवडला गेला तो सौद्याचा. १९८८च्या साखर उद्योग कार्यक्षमता कायद्याने आणि १९९१च्या बगॅस ऊर्जा विकास कार्यक्रमाने गिरण्यांना करसवलती मिळाल्या, बदल्यात त्यांनी कार्यक्षमता वाढवून ग्रिडला वीज द्यायची होती. १९९४मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि गिरण्यांच्या भांडवलातला २० टक्के वाटा ऊस उत्पादक व कामगारांकडे आला. माझ्या मते मॉरिशसच्या ऊर्जा धोरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो ऊर्जा खात्याचा नव्हताच.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ऊसतोड साधारण जून ते डिसेंबर चालते. बगॅस फार काळ साठवता येत नाही. तो कुजतो आणि त्याला आगही लागते. बोर्डाला मात्र बारा महिने खात्रीची वीज हवी होती. त्यामुळे बेल व्ह्यू, सावान यांसारखी केंद्रे हंगामात बगॅस आणि एरवी आयात कोळसा जाळणारी म्हणून उभारली गेली. करार वीस-वीस वर्षांचे आणि कोळशाच्या भावातली चढ बोर्डाने सोसायची, असा त्यांचा साचा होता. दरवाजा बगॅसने उघडला आणि आत कोळसा आला. जगभरच्या परिषदांत मॉरिशसचे बगॅससाठी कौतुक होत असताना देशातल्या विजेत कोळशाचा वाटा वाढत गेला.

२००८ साली पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी ‘मॉरिस इल द्युराब्ल’, म्हणजे चिरंतन मॉरिशस, हा संकल्प जाहीर केला, त्यासाठी जोएल द रोने या शास्त्रज्ञांना सल्लागार नेमले आणि इंधनावर वेगळा अधिभारही लावला. त्याच सरकारच्या काळात पॉइंत ओ काव येथे १०० मेगावॉटच्या नव्या कोळसा प्रकल्पाची तयारी चालू होती. २०१३मध्ये त्याविरुद्ध उपोषण झाले, सरकारला राष्ट्रीय ऊर्जा आयोग नेमावा लागला, आणि २०१४च्या अखेरीस सत्ता पालटल्यावर नव्या सरकारने प्रकल्प गुंडाळला. त्याबरोबर ‘चिरंतन मॉरिशस’ही गुंडाळला गेला. रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांभोवती फिरणाऱ्या राजकारणात आधीच्याने लावलेली पाटी नंतरच्याने उतरवायची असते, मग पाटीमागचे काम किती झाले होते हे कोण पाहतो? नव्या सरकारलाही विजेने चटका दिलाच. सेंट लुई वीजकेंद्राच्या कंत्राटाविषयी आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेची चौकशी उघड झाली आणि जून २०२०मध्ये पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी आपल्या उपपंतप्रधानांना पदावरून दूर केले. आरोप त्या मंत्र्यांनी नाकारले होते.

या काळात उद्दिष्टांची भाषा मात्र चढत गेली. आधी २०२५पर्यंत ३५ टक्के नवीकरणीय वीज, मग २०३०पर्यंत ४० टक्के, आणि २०२१मध्ये २०३०पर्यंत ६० टक्के व कोळसा पूर्ण बंद. प्रत्यक्षातला वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच घुटमळत राहिला. सूर्य आणि वारा नाहीत असे नाही, पण शेजारी नसलेल्या ग्रिडमध्ये ढग आला की विजेची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) ढासळते आणि त्यासाठी बॅटऱ्या लागतात. बगॅस ही बॅटऱ्यांच्या भानगडीशिवाय हंगामभर चालणारी वीज होती, आणि नेमकी तीच आटू लागली.

ती आटली कारण ऊस आटला. युरोपीय संघाने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कापला. एकेकाळी वीसच्या आसपास असलेल्या गिरण्यांपैकी आता तीन उरल्या आहेत. उसाखालचे क्षेत्र दोन दशकांत ७० हजार हेक्टरांवरून ४० हजारांच्या घरात आले. छोट्या शेतकऱ्याने सर्वांत आधी पाठ फिरवली, कारण त्याच्या उसातून निघालेल्या बगॅसची वीज विकली जात होती तरी त्याच्या हाती पडणारी रक्कम नगण्य होती. आपल्याकडे २०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने उपपदार्थांसह महसुलाचे ७०:३० (शेतकऱ्याला ७०, कारखान्याला ३० टक्के) हे सूत्र ऊसदरात आणले. त्याच्या अंमलबजावणीवर आपण कितीही भांडत असलो तरी बगॅसवर शेतकऱ्याचा हक्क आहे हे कागदावर तरी मान्य आहे. मॉरिशसने २०२१च्या अर्थसंकल्पात टनभर साखरेमागे ३,३०० रुपये, अर्थात तिथले रुपये, बगॅससाठी देण्याचे ठरवले. तोपर्यंत अनेक तुकड्यांवर रान माजले होते आणि काहींवर घरे उभी राहिली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये रामगुलाम पुन्हा निवडून आले, पुन्हा ६२ पैकी ६० जागांनी.