परत न जाणारा माल

आजच्या पत्रिकेत माझा विषय ‘महासाथीनंतरची कॉमिक्सची वितरणव्यवस्था’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. न्यू जर्सीत मुले वाढवलेल्या श्रोत्यांना कॉमिक्सच्या दुकानात नवे अंक बुधवारी येतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचे अंक त्याच्या नावाच्या खणात राखून ठेवलेले असतात, हे सांगण्याची गरज नाही. मला मांडायचे आहे ते मात्र काहीसे उफराटे वाटेल. २०२०च्या टाळेबंदीत छोटी दुकाने बुडणार असे सगळे म्हणत होते, परंतु त्यांतली जी तगली, ती काही अंशी तरी नवा माल यायचा थांबला म्हणूनच तगली, असे माझे मत आहे.

त्यासाठी थेट १९७३ सालात जावे लागते. त्याआधी कॉमिक्स प्रामुख्याने वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर आणि किरकोळ दुकानांत विकली जात आणि न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठे फाडून परत पाठवली की विक्रेत्याचे पैसे वळते होत. ब्रुकलिनमधले एक शिक्षक, फिल सूलिंग, यांनी प्रकाशकांपुढे वेगळा सौदा ठेवला: तुम्ही आम्हांला सवलत जास्त द्या, न खपलेला माल आम्ही परत करणार नाही. या सौद्यामुळे अमेरिकेत कॉमिक्सची खास दुकाने उभी राहिली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ते इंग्रजी शिकवत, गणित नव्हे, एवढेच आमच्या गावातला दुकानदार कपाळाला हात लावून म्हणतो.

हा दुकानदार एकट्याने दुकान चालवतो आणि त्याचे गाऱ्हाणे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते माझेच झाले आहे. अंक बाजारात येण्याच्या सुमारे दोन महिने आधी जाडजूड सूची चाळून कोणत्या अंकाच्या किती प्रती हव्यात हे त्याने कळवायचे, म्हणजे जे अजून पुरते छापूनही झालेले नाही ते किती खपेल याचे भाकीत स्वतःच्या पैशांवर करायचे. त्यात प्रकाशक आमिष दाखवतात की एकाच अंकाच्या पंचवीस प्रती घेतल्या तर निराळ्या मुखपृष्ठाची एक खास प्रत मागवता येईल. ती खास प्रत संग्राहक हातोहात नेतो. उरलेल्यांतल्या बऱ्याच प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, लांब पांढऱ्या खोक्यांत भरल्या जातात आणि तळघरात जातात. त्या तळघरात मी एकदा गेलो होतो. एका भिंतीशी खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि पलीकडच्या पाण्याच्या बंबापाशी पोहोचायला अंग चोरून जावे लागत होते. त्याच्या बायकोने या भिंतीला ‘मुलांचे कॉलेज’ असे नाव ठेवले आहे, कारण तो पैसा नेमका तिथे अडकला आहे.

आता मार्च २०२०. एकवीस तारखेला आपल्या राज्यपालांनी घरी राहण्याचा हुकूम काढला, त्यात दारूची दुकाने अत्यावश्यक ठरली आणि कॉमिक्सची ठरली नाहीत. सभागृहात हसणारे कोण आहेत हे मला दिसते आहे आणि त्यांनी त्या काळात कोणत्या रांगेत उभे राहून वेळ काढला हेही मला ठाऊक आहे. दोनच दिवसांनी डायमंड या वितरकाने जाहीर केले की एक एप्रिलपासूनचे नवे अंक दुकानांना पाठवले जाणार नाहीत. मार्व्हल, डीसी आणि इतर बहुतेक प्रकाशकांचे अंक दुकानांपर्यंत पोहोचवणारा हा एकच मार्ग होता, त्यामुळे वीस मेपर्यंत बहुतेक दुकानांत जवळजवळ काहीच नवे आले नाही. याला सर्वांनी आपत्ती म्हटले. परंतु माल येत राहिला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. दार बंद, गिऱ्हाईक घरात, आणि दर आठवड्याला परत न करता येणाऱ्या मालाचे खोके बिलासह दारात. त्याहून बोलके असे की डीसी आणि इमेज या प्रकाशकांनी ठरावीक काळातले अंक परत घेण्याची तयारी त्याच सुमारास दाखवली. सत्तेचाळीस वर्षे जे व्यवहारात बसत नाही असे सांगितले जात होते, ते गरज पडताच काही दिवसांत बसले.

दरम्यान आमचा दुकानदार तळघरातली खोकी वर आणून फोनच्या कॅमेऱ्यासमोर एकेक अंक दाखवत विकू लागला, आणि पडून राहिलेल्या त्या मालानेच त्याचे भाडे निघाले. अठरा मेपासून दाराबाहेर माल देण्याची मुभा मिळाली, तेव्हा तो मास्क लावून गाड्यांच्या डिकीत पिशव्या ठेवत होता. चित्रकार जिम ली यांनी साठ दिवसांत साठ रेखाचित्रे काढून लिलावात विकली आणि ते पैसे दुकानांच्या मदतीला दिले, हेही नोंदवले पाहिजे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा छापलेला विषय आता घाईने. जून २०२०मध्ये डीसीने डायमंडशी संबंध तोडला, ऑक्टोबर २०२१पासून मार्व्हलचे वितरण पेंग्विन रँडम हाउसकडे गेले, पुढे इमेज ल्युनार या दुसऱ्या वितरकाकडे गेले आणि जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरी जाहीर केली. छोट्या प्रकाशकांचा तिथे विक्रीसाठी ठेवलेला माल त्या दिवाळखोरीच्या वादात अडकला. एका मार्गाचे अनेक मार्ग झाले हे तत्त्वतः चांगलेच, पण छोट्या दुकानाला आता वेगवेगळ्या ठिकाणी मागणी नोंदवावी लागते आणि प्रत्येकाच्या वाहतुकीचा खर्च निराळा येतो.

‘पण विक्री तर वाढली’ असे कोणी म्हणेल. वाढली खरी, उत्तर अमेरिकेत २०२१मध्ये कॉमिक्सची उलाढाल दोन अब्ज डॉलरांवर गेली, परंतु त्यात मोठा वाटा मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, आणि पुस्तकांच्या दुकानांचा होता, आणि पुस्तकांच्या दुकानांना न खपलेला माल परत करता येतो. छोट्या दुकानांनाही निदान नव्या मालिकांच्या पहिल्या काही अंकांपुरती ती सोय कायमची मिळावी, ही माझी मागणी आहे आणि तिचा तपशील प्रश्नोत्तरांत देईन. आमचा दुकानदार पंचवीस प्रतींची अट असलेले मुखपृष्ठ हल्ली आगाऊ पैसे घेतल्याशिवाय मागवत नाही, याबद्दल माझ्यासारख्या संग्राहकांची तक्रार असेल तर ती चहाच्या वेळी करावी.