ससा बसलाय

मंडळी, नमस्कार. माळरानातल्या प्राण्यांवर बोला, असं मला सांगितलं होतं. लांडगा, चिंकारा, माळढोक यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज फक्त सशावर बोलणार आहे, आणि तेही बसलेल्या सशावर. कारण लोक मला सशाचे जे फोटो पाठवतात त्यातले दहापैकी नऊ पळणाऱ्या सशाचे असतात. मागून घेतलेले, पाय हवेत, चेहऱ्याचा पत्ता नाही. काढणाऱ्याला वाटतं, काय ॲक्शन टिपली! मला त्यात एवढंच दिसतं, की विसाव्याला बसलेलं एक जनावर भर उन्हात उठवलं गेलं.

कुठला ससा ते आधी सांगतो. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणाऱ्या जातीचा. आपल्या रानात असतो तो वेगळाच प्राणी, लेपस निग्रिकोलिस. मानेमागे काळा पट्टा, शेपटीची वरची बाजू काळी, अंगावर राखी-तपकिरी केस. उत्तर भारतातल्या याच्याच उपजातीची शेपूट तांबूस असते आणि मानेवर असा काळा पट्टा नसतो. गंमत अशी, की हा पट्टा बसलेल्या सशात दिसतच नाही. कान मागे टाकले की तो झाकला जातो. त्यामुळे 'हा काळ्या मानेचा नाही हो, दुसराच आहे' असं म्हणत कोणी फोटो पाठवला, की मी आधी कान बघतो.

आपला ससा बीळ खणत नाही. कुत्रं मागे लागलं तर क्वचित खोकडाच्या बिळात घुसेल, पण ते त्याचं घर नव्हे. जन्मापासून मरेपर्यंत तो उघड्यावर. म्हणूनच बिळातल्या सशाची पिल्लं उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली जन्मतात, तर याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. ज्याला दार नाही त्याला दुसरं परवडणार कसं? वरून मोरघार, खालून कोल्हा, खोकड, लांडगा, रानमांजर, रात्री शृंगी घुबड, आणि हल्ली सगळ्यात जास्त गावातली मोकाट कुत्री. एवढे सगळे असताना हा प्राणी दिवसभर करतो काय, तर बसतो. रात्री चरायचं, उजाडायच्या सुमारास बसायचं, दिवस मावळला की उठायचं.

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, सशाच्या पाठीवर पान पडलं आणि तो 'आभाळ पडलं, पळा पळा' करत सुटला. गोष्ट झकास आहे, पण माळावरचा ससा अगदी उलटा. तुमचा बूट त्याच्यापासून दोन हातांवर पडला तरी तो हलत नाही. मेंढरांचा अख्खा कळप दोन्ही बाजूंनी निघून जातो, हा जागच्या जागी. धनगरांची पोरं फिरता फिरता काठीने दाखवतात, 'ससा बसलाय', आणि आपल्याला तिथे नुसतं गवत दिसतं.

ही बसायची जागा नीट पाहण्यासारखी असते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. लोक तिथे चिंकारा बघायला जातात. पावसाळा सरून कुसळी आणि पवन्या ही गवतं वाळली, की तिथल्या किंवा आसपासच्या कुठल्याही माळावर गवताच्या ठोंबांच्या बुडाशी बघत चला. ठोंबाला लागून एक उथळ खळगा दिसतो, लांबीला दीड-दोन विती. मागची बाजू खोल, कारण पुठ्ठा आणि मागचे पाय तिथे टेकतात. पुढची बाजू जवळजवळ जमिनीला समांतर. तळाची माती दबून गुळगुळीत झालेली. कडेच्या काड्या तोडलेल्या नसतात, अंगाच्या दाबाने नुसत्या बाहेर वळलेल्या असतात. नशीब असेल तर एखादा केस सापडतो, टोकाला काळा. खळगा तयार करायला पुढच्या पायांनी थोडं खरवडणं होतं, बाकीचं काम अंगाचं वजनच करतं.

जागा ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ससा पूर्वेला उघड्या असलेल्या ठोंबापाशी सापडतो. पाठीला गवत आणि तोंडावर कोवळं ऊन. होळी झाली की तेच गवत कुचकामी. मग बोरीच्या जाळ्या, तरवडाची झुडपं, बांधावरची घायपात, ताली. सावली सरकली की तोही वीत-दोन विती सरकतो, बसल्या बसल्याच, की बघणाऱ्याला कळूही नये. पावसाळ्यात गवत उंच झालं की ससा शोधायचा नादच सोडावा. तेव्हा तो पाणी साचणार नाही अशा मुरमाड उंचवट्यावर असतो आणि आपण मात्र चिखल तुडवत फिरतो.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. या खळग्यात लेंड्या सापडत नाहीत. चरायच्या जागी, पायवाटेवर, हरभऱ्याच्या वावरात लेंड्यांचा सडा असतो. कोरड्या, गोल, आत गवताचा भुसा. मग बसायच्या जागी का नाहीत? शत्रूला वास लागू नये हे एक कारण असेलही. पण खरी गंमत त्याच्या पोटात आहे. सशाचं अंधांत्र, म्हणजे आतड्याला लागलेली एका बाजूने बंद पिशवी, चांगलं मोठं असतं, आणि तिथले सूक्ष्मजीव गवत कुजवून त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात. पण अंधांत्र आतड्याच्या शेवटाकडे. तिथे तयार झालेला माल अंगी लागायचा तर तो पुन्हा तोंडावाटेच आत जायला हवा. म्हणून दिवसा, बसल्या जागी, ससा वेगळ्या, मऊ लेंड्या टाकतो आणि त्या जमिनीवर पडू न देता थेट तोंडाने घेतो. गाय निवांत बसून रवंथ करते, तसाच हा प्रकार. म्हणजे ससा रात्री जेवतो आणि तेच जेवण दिवसा पुन्हा जेवतो. त्याचं बसणं हा आळस नव्हे, अर्धी पचनक्रिया त्या बसण्यात होते. दिवसातून दोन-तीनदा त्याला उठवलं तर फक्त झोप मोडत नाही, घास हिरावला जातो.

हे डोळ्यांनी बघता येतं. लांबून, दुर्बिणीतून, दुपारच्या वेळी. ससा खांदे किंचित वर उचलतो, डोकं पोटाखाली मागच्या पायांच्या मध्ये घालतो, क्षणभरात वर काढतो आणि जबडा हलायला लागतो. फोटोखाली बहुतेक जण 'अंग चाटणारा ससा' लिहून मोकळे होतात. अंग चाटणं निराळं. चाटताना तो पुढचे पंजे ओले करतो, एक कान दोन पंजांत धरून खाली ओढतो, बुडापासून टोकापर्यंत पुसतो आणि सोडून देतो. कान लगेच उभा. मग दुसरा. हे बहुधा उठायच्या आधी, ऊन कलल्यावर चालतं. सशाचा जन्मभर पुरेल असा फोटो काढायचा तर या वेळेला.

इथेच एक फार मोठा गैरसमज आहे. ससा हलत नाही म्हणजे तो निवांत आहे, आपल्याला सरावला आहे, असं फोटोग्राफर धरून चालतो. तसं नसतं. निवांत ससा हलतो. नाक सारखं वरखाली होत असतं, कान खांद्यांवर सैल पडलेले, मधूनच एखादा फिरतो, डोळा अर्धा मिटलेला. पूर्ण मिटलेला डोळा मी फार थोडा वेळ पाहिलाय. एखादा मागचा पाय बाजूला लांब टाकलेला असेल तर समजा, स्वारी अगदी खुशीत आहे. याउलट घाबरलेला ससा दगड होतो. अंग जमिनीला चिकटतं, कान पाठीवर घट्ट, डोळा टक्क उघडा, नाक थांबतं. तो आपल्याला पाहत असतो आणि पुढच्या पावलाचा हिशेब करत असतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं त्याला दिसतं, अगदी नाकासमोरचा तुकडा सोडून. मागून हळूच जाऊ वगैरे मनात आणू नका. म्हणून कुठल्याही सशाचा फोटो दाखवला की मी आधी नाक आणि कान बघतो. फोटो काढणारा कसा वागला ते तिथे लिहिलेलं असतं.

आता तंत्राचं, थोडक्यात. लेन्स ४०० ते ६०० मिलिमीटरची असली तर उत्तम, कारण अंतर राखता येतं. कच्च्या रस्त्यावरून गाडीतूनच काढा. खिडकीवर तांदळाची किंवा वाळूची पिशवी, इंजिन बंद. गाडीला ससा फारसा घाबरत नाही, दार उघडलं की घाबरतो. पायी असाल तर सरळ त्याच्या रोखाने जाऊ नका, तिरकं चाला, थांबा, दुसरीकडे बघा, मग पुढे. नाक थांबलं की तुम्ही थांबायचं. कान आणखी दबले तर मागे यायचं. कॅमेऱ्यात आवाज न करणारा शटर असेल तर तोच लावा. आणि फेब्रुवारीनंतर साडेनऊ-दहाला घरी जा. जमीन तापली की हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी केसांचा लगदा येतो. लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात, दोष माळावरच्या उन्हाचा असतो.

कोवळं ऊन सशाच्या मागून येत असेल तर कानातल्या शिरा लाल जाळीसारख्या उमटतात. त्या शिरा शोभेच्या नाहीत. अमेरिकेतल्या वाळवंटी सशांवर, जॅकरॅबिटवर, यावर पुष्कळ काम झालंय. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने मांडलं, की पाण्याचा थेंब न घालवता अंगातली उष्णता बाहेर टाकायला हे मोठाले कान उपयोगी पडतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सावलीत बसलेल्या सशाचे कान बघा. ते पाठीला चिकटलेले नसतात, हवेत किंचित उचललेले असतात.

रात्री सर्चलाइट घेऊन सशामागे फिरणं, हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. झोतात ससा गोंधळतो, जागीच थांबतो किंवा झोताच्याच रेषेत पळत राहतो. शिकारी याच युक्तीने मारतात. वाघूर म्हणजे जाळं लावून, फास टाकून आजही ससे धरले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, तरी 'सशाला कसला आलाय कायदा' असं म्हणणारे गावोगाव भेटतात. रात्रीचं बघायचंच असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन पायवाटेच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधा आणि घरी झोपा.

पहाटे बसायला येताना ससा काय करतो तेही पायवाटेच्या फुफाट्यात वाचता येतं. आधी ठसे ओळखा. पुढचे दोन पाय एकामागे एक, आणि मागचे दोन मोठे त्यांच्याही पुढे शेजारी-शेजारी पडलेले. नवशिका हमखास उलटी दिशा धरतो. हे ठसे सरळ जातात आणि मधेच संपतात. ससा त्याच वाटेने थोडा माघारी आलेला असतो आणि तिथून त्याने बाजूला लांब उडी घेतलेली असते. वास काढत येणारं कोल्हं किंवा कुत्रं सरळ पुढे निघून जातं. ठसे संपले की वाटेच्या दोन्ही बाजूंचे ठोंब दुर्बिणीने बघा, पायांनी नाही.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: 'ज्वारी काढताना पिल्लू सापडलं, आई आसपास नव्हती. काय करावं?' चांगला प्रश्न आहे, कारण सुगीत हे घडतंच. आई नव्हती याचा अर्थ पिल्लू अनाथ आहे असा नाही. सशाची मादी पिल्लांपाशी थांबत नाही, थांबली तर शत्रूला ठिकाण कळेल. युरोपातल्या तपकिरी सशावर नेदरलँड्समध्ये अभ्यास झालाय. तिथे पिल्लं थोड्याच दिवसांत पांगून एकेकटी दबून बसतात, सूर्यास्तानंतर जन्माच्या जागी जमतात, मादी येते, काही मिनिटांत पाजून निघून जाते. दिवसातून एकदाच. आपल्याकडेही पिल्लं अशीच एकेकटी सापडतात. तेव्हा घरी नेऊन गाईचं दूध पाजू नका. सशाचं दूध त्याहून कितीतरी दाट असतं, आणि अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत. काढणी त्या जागेवर येणारच असेल तर मूठभर गवतासकट उचलून लगतच्या बांधावर ठेवा, कुत्री बांधून घाला, आणि अंधार पडल्यावर तिकडे फिरकू नका. पिल्लू जखमी असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. फोटोचा मोह होणार, मला ठाऊक आहे. मोबाइलवर एक काढा, फ्लॅश न लावता, आणि कोणाला पाठवलात तर गावाचं नाव लिहू नका.