गणपत गल्लीतील वाचनालय

बेळगावच्या गणपत गल्लीत बाजाराची वर्दळ वाढण्याआधीच वर्तमानपत्र वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढतात. एकाच अंकाची पाने सुटी करून तिघा-चौघांनी वाटून घ्यायची आणि अग्रलेखाचे पान आपल्याकडे येईपर्यंत बाजारभावांवर नजर फिरवायची, ही आपल्याकडच्या वाचनकक्षांतील जुनी रीत आहे.

या वाचनालयाची स्थापना 1848 सालची. रत्नागिरीत 1828 मध्ये आणि नाशिकला 1840 मध्ये वाचनालये निघाली होती. पुण्याचे नगर वाचन मंदिर बेळगावच्याच वर्षीचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालेले. पुस्तक ही तेव्हा घरोघरी असणारी वस्तू नव्हती. वर्गणी जमवून ग्रंथ विकत घ्यायचे, एका छताखाली ठेवायचे आणि आळीपाळीने वाचायचे, एवढ्या साध्या व्यवस्थेतून ही वाचनालये उभी राहिली. बेळगावच्या पावसाळ्यात पुस्तके टिकवणे मात्र साधे नव्हते. जूनपासून हवेत ओल भरते, पुठ्ठे फुगतात, शिवण सैल होते. मग उघडीप मिळताच कपाटे रिकामी करून, कडुनिंबाचा पाला बदलून, एकेक पुस्तक झटकून परत लावावे लागते. ही निगा पिढ्यान् पिढ्या राखणाऱ्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नसतात, म्हणून त्यांचा उल्लेख येथे आवर्जून करावासा वाटतो.

पुढे शहरात चळवळी आल्या. एप्रिल 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली, 1919 मध्ये बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केला आणि 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. अशा शहरात वाचनालय हे केवळ पुस्तकांच्या देवघेवीचे ठिकाण राहणे शक्य नव्हते. छापून आलेल्या मजकुरावर बोलण्यासाठी, वाद घालण्यासाठी लोकांना हक्काची जागा हवी होती.

1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तरीही 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. कारभाराची भाषा बदलली, तसे मराठी माणसाला आपले वाचनालय अधिक जवळचे झाले. घराबाहेर आपली भाषा निवांतपणे वाचता-बोलता येईल असे ते ठिकाण होते. सीमाभागाचा प्रश्न लोकसभेत तळमळीने मांडणारे बॅरिस्टर नाथ पै यांचे 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावातच निधन झाले. त्यांच्या नावाने वाचनालय व्याख्यानमाला भरवते, आणि उत्तम वक्तृत्वाची आवड असलेल्या या शहराने त्या महान वक्त्याचे याहून उचित स्मरण कोणते करावे?

शहरातील ही आवड आसपासच्या गावांनीही जोपासली. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, निपाणीकडचे कारदगा या गावांत मराठी साहित्य संमेलने भरू लागली. त्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी निघते, दारापुढे रांगोळ्या पडतात, लेझमाच्या तालावर शाळकरी मुले पुढे चालतात आणि पालखीतल्या ग्रंथाला ओवाळण्यासाठी गल्लीतल्या बायका आरतीचे ताट घेऊन उंबऱ्यापाशी थांबलेल्या असतात.