सह्याद्रीच्या कच्च्या वाटा आणि काल पडलेला पाऊस

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांकडे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी आहे आणि ती चिखलातून बाहेर काढण्याचे कसबही आहे. त्यामुळे गाडीच्या ताकदीविषयी मी आज फारसे बोलणार नाही. मला पावसाविषयी बोलायचे आहे, कारण मावळात, मुळशीत किंवा महाडच्या डोंगरात शिरताना आपण काचेवर पडणारा पाऊस पाहून निर्णय घेतो आणि खरा धोका काल-परवा पडून गेलेल्या, किंवा आत्ता वरच्या पठारावर कोसळत असलेल्या पावसात असतो.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर, उतारांवर, झिजलेल्या दगडाचा मुरूम आणि माती यांचा थर बसलेला असतो. सलग पावसात या थरात पाणी मुरत जाते, खालच्या कातळापाशी अडते, आणि मातीची पकड सुटेपर्यंत तेथे दाब वाढत राहतो. माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली; १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. हवामान विभाग २४ तासांतल्या २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसाला सर्वांत वरच्या श्रेणीत धरतो. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एकट्या महाबळेश्वरात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच २२ तारखेला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. म्हणून निघण्याआधी उद्याच्या अंदाजाइतकेच मागच्या तीन दिवसांचे आकडे पाहावेत, आणि लागोपाठ दोन दिवस जोरदार पाऊस झाला असेल, तर डोंगर कापून काढलेल्या वाटेचा बेत पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊन पडले, तरीही.

अशी वाट तयार करताना जेसीबीने आतली बाजू कापलेली असते आणि निघालेला मुरूम दरीच्या बाजूला टाकलेला असतो. वाटेचा बाहेरचा भाग म्हणजे हा भराव, आणि पावसात तो वरून घट्ट दिसला तरी आतून पोकळ झालेला असू शकतो. समोरून गाडी आली की सवयीने आपण बाहेरच्या कडेला सरकतो. पावसाळ्यात तसे करू नये, रुंद जागेपर्यंत मागे यावे. वाटेवर चंद्रकोरीसारख्या ताज्या भेगा, कललेले विजेचे खांब किंवा वरून सुटून येणारे बारीक खडे दिसले, की तेथे थांबून फोटो काढू नयेत, आल्या वाटेने परतावे. ओढ्याचे पाणी भर पावसात एकाएकी कमी झाले, तर आनंद मानू नये. वर कोठेतरी दरडीने ओढा अडवलेला असू शकतो, आणि तो बांध फुटला की सगळे पाणी एकदम खाली येते.

ओढ्यावरच्या फरशीपाशी, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलापाशी, सर्वांत जास्त घाई होते. कंपनी गाडी किती खोल पाण्यातून जाईल ते सांगते, उदाहरणार्थ महिंद्राच्या थारसाठी ६५० मिलिमीटर, पण तो आकडा वाहत्या पुराची हमी देत नाही. सुमारे ३० सेंटिमीटर खोल जोरदार प्रवाह लहान गाडी हलवू शकतो आणि ६० सेंटिमीटरला मोठ्या गाड्यांचेही चाक जमिनीवर टिकत नाही. पाण्याच्या अगदी काठाला एक दगड ठेवावा आणि दहा मिनिटे पाहावे. दगड बुडाला तर पाणी चढते आहे, आणि पलीकडे गेलात तरी परत येणे कठीण होईल. फरशीचा पृष्ठभाग पाण्याखाली दिसत नसेल, तर ती मधोमध खचलेली नाही हे आपल्याला कसे कळणार? पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

निसरड्या उतारावर लो रेंजच्या, म्हणजे फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या जास्त जोराच्या गिअरसंचाच्या, पहिल्या गिअरमध्ये उतरावे, ब्रेक दाबून चाके जाम करू नयेत. चढावर गाडी अडली तर तोंड वळवू नये. आडवी झालेली गाडी उलटते, सरळ रिव्हर्समध्ये खाली यावे. रुतलेली गाडी ओढताना पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही अडकवू नये, कारण ताणाखाली हा गोळा तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्यात माणसे दगावली आहेत. गाडीच्या चेसिसला दिलेल्या मजबूत जागाच वापराव्यात, दोरावर ओले पोते टाकावे आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

पाड्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा ओढा किती वेळात चढतो हे त्यांना ठाऊक असते. आणि त्यांच्या भाताच्या रोपांतून, बांधांवरून गाडी घालू नका. तेथे त्यांचे वर्षभराचे धान्य असते, आणि तो बांध फुटला तर ऐन लावणीत खाचरातले पाणी निघून जाते.

दोन ओढ्यांच्या मधे अडकलात, तर कापलेल्या उतारापासून आणि पात्रापासून दूर, उंच सपाट जागी गाडी लावून थांबा. रेंज असेल तर ११२ वर कळवा. नसेल तर घरी आधी सांगून ठेवलेली वाट आणि परतीची वेळ कामी येते. सोबत एका रात्रीपुरते कोरडे खाणे, प्यायचे पाणी आणि कोरडे कपडे असावेत. घाटमाथ्याजवळच्या ओढ्यांचे पाणलोट लहान असतात. पाऊस थांबल्यावर बहुतेक वेळा काही तासांतच ते उतरतात.