बेंचमागचं दार

(दृश्य : लाकडी दार, पितळी मूठ. दार हळूच मिटतं.)

हे दार नीट पाहून ठेवा. आत्ताच तिघं जण आत गेले, चौथ्या बाई बाहेर थांबल्या आहेत. आपली गोष्ट या बाहेर थांबण्याची आहे.

(दृश्य : कोर्टाची खोली, राजचिन्हाखाली तीन खुर्च्या.)

इंग्लंडमधलं मॅजिस्ट्रेट कोर्ट. कामकाज चालू असताना इथे कॅमेरा आणता येत नाही, १९२५ पासूनची बंदी आहे. म्हणून आम्ही 'ओपन डे'ला आलो. खटला लुटुपुटीचा, आरोपी नाटकातला. बेंचवरचे तिघं मॅजिस्ट्रेट मात्र खरे.

अंगात झगा नाही, डोक्यावर विग नाही. मधल्या बाई अध्यक्ष. दोन्ही बाजूंच्यांना इथे 'विंगर' म्हणतात. कायद्याची पदवी कुणाकडे नाही, पगार कुणाला नाही. वर्षातले निदान १३ दिवस द्यायचे आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं ते ठरवायचं. १३६१ च्या कायद्यापासून हे असं चालत आलंय. मुंबईत १८३४ साली जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय 'जे. पी.' म्हणजे 'जस्टिस ऑफ द पीस' झाले, ते पद याच घराण्यातलं. आपल्याकडे पुढे ते दारावरच्या पाटीत आणि सही-शिक्क्यात उरलं. इथे ती खुर्ची अजून माणसाला तुरुंगात धाडते.

(दृश्य : बेंचखालचं टेबल. जाडजूड पुस्तक, त्यातून डोकावणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या.)

आणि या खाली बसलेल्या लीगल ॲडव्हायझर. कायदा त्यांनी सांगायचा, निकाल मात्र द्यायचा नाही.

(दृश्य : आरोपीच्या पिंजऱ्यातला तरुण.)

दारू पिऊन गाडी चालवली. श्वासातल्या मद्याची मर्यादा ३५, याचा आकडा ४८. गुन्हा कबूल. म्हणजे परवाना निदान १२ महिने जाणार. 'विशेष कारण' दाखवलं तरच वाचेल. तरुण म्हणतो, मी डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, परवाना गेला की नोकरी गेली.

अध्यक्षबाईंचं पेन थांबलेलं दिसतंय? उजवीकडचे गृहस्थ तर केव्हाचे विरघळलेत.

(दृश्य : ॲडव्हायझर उठून मागे वळतात, मान वर करतात. अध्यक्षबाई पुढे वाकतात.)

हा क्षण आम्ही तीनदा चित्रित केला. खालून वर सांगितलं जातंय : विशेष कारण गुन्ह्याच्या प्रसंगातलं हवं, गुन्हेगाराच्या अडचणीतलं चालत नाही. नोकरी जाणं त्यात बसत नाही. इथे तिघांच्या कळवळ्याला वाव नाही, ते मान डोलावतात.

पण तरुण पुढे सांगतो : आईचा फोन आला, तिला श्वास घेता येत नव्हता, म्हणून निघालो. हे कारण बसू शकतं. ॲडव्हायझर कसोटी सांगतात. समजा, त्या वेळी शेजारी एखादा न प्यालेला, शहाणा मित्र होता आणि त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. तो काय म्हणाला असता, 'जा' की 'थांब'?

एवढं सांगून त्या खाली बसतात. फोन खरंच आला का? टॅक्सी मिळाली नसती? शेजारी कुणी नव्हतं? याबद्दल त्यांचं काहीही मत असो, ते त्यांच्यापाशीच राहायला हवं. टिपणं बघून साक्षीदार काय म्हणाला ते त्या आठवून देतील. तो खरं बोलला का, हे नाही. इथे पदवीवाल्याला गप्प बसावं लागतं, आणि आम्हाला विचाराल तर ते बरंच आहे.

(दृश्य : पुन्हा दार.)

आता दाराबद्दल. १९२३ साली ससेक्समध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकावर खटला भरला गेला. निकालासाठी मॅजिस्ट्रेट आत गेले, त्यांच्यासोबत कोर्टाचे क्लार्कही, म्हणजे आजच्या ॲडव्हायझरच्या जागचे गृहस्थ, गेले. त्या क्लार्कची वकिली कचेरी त्याच टकरीच्या नुकसानभरपाईत दुसऱ्या बाजूचं काम बघत होती. आत त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. तरी त्याच वर्षी सरन्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनी शिक्षा रद्द केली. 'न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसावाही लागतो' हे आपल्या अग्रलेखांतलं लाडकं वाक्य त्यांच्या याच निकालातलं, अशाच एका दारापाशी जन्मलेलं आहे.

म्हणून ॲडव्हायझर बोलावल्याशिवाय आत जात नाहीत. आत काही सल्ला दिलाच, तर तो कच्चा धरायचा, बाहेर येऊन सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचा आणि वकिलांना त्यावर बोलू द्यायचं. २००० सालापासून तसा लेखी दंडकच आहे.

(दृश्य : तिघं बाहेर येतात.)

मतं दोन विरुद्ध एक पडली असली, तरी ते कधी जाहीर होत नाही. परवाना गेला, अपील वरच्या क्राउन कोर्टात. २०१५ पासून कितीतरी किरकोळ प्रकरणं एकच मॅजिस्ट्रेट आणि एक ॲडव्हायझर नुसत्या कागदांवर निकालात काढतात, कोर्टात कुणालाच न बोलावता. तिथे चित्रित करण्याजोगं काही नसतं.

(दृश्य : अध्यक्षबाई कारणं वाचतात. ॲडव्हायझर लिहून घेताहेत. आवाज मूळ.)